सोयाबीनच्या शेतातील माठ : तणनाशकांचा डोळस वापर

घोडेगावाहून भीमाशंकराकडे जाणाऱ्या मार्गावर, घोड नदीच्या खोऱ्यात शिनोली हे गाव वसलेले आहे. या मार्गाने पश्चिमेस जावे तसा पाऊस वाढत जातो व भातखाचरे दिसू लागतात. पूर्वेस मंचरच्या बाजूला यावे तसा पाऊस कमी होत जातो व माळरानाची, बाजरी-कडधान्याची शेती लागते. शिनोलीचा परिसर या दोहोंच्या मधला. भात, भुईमूग यांच्या जोडीला सोयाबीननेही येथील खरीप हंगामात आपले स्थान निर्माण केले आहे. शेजारच्या जुन्नर तालुक्यातही हे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. महाराष्ट्राचा विचार केला तर अलीकडच्या हंगामांत राज्यातील सोयाबीनचे क्षेत्र ४५ ते ५० लाख हेक्टरांच्या आसपास राहिले असून, मध्य प्रदेशाबरोबर महाराष्ट्र हे देशातील या पिकाचे प्रमुख राज्य ठरले आहे.

या पिकाचे उत्पन्न ज्या गोष्टींवर अवलंबून असते, त्यांत तणांचा बंदोबस्त ही एक मुख्य बाब होय. पेरणीनंतरचे पहिले ३० ते ४५ दिवस सोयाबीनच्या दृष्टीने निर्णायक असतात. या काळात रान तणमुक्त राहिले, तर पुढे पिकाची पाने एकमेकांना भिडतात, जमिनीवर सावली धरते आणि नंतर उगवणाऱ्या तणांना डोके वर काढता येत नाही. या काळात दुर्लक्ष झाले, तर मात्र उत्पादन निम्म्यावर येऊ शकते. हंगामाच्या अखेरीस केलेल्या खुरपणीने शेत स्वच्छ दिसते, परंतु गेलेले उत्पादन परत मिळत नाही.

अडचण मजुरांची आणि वेळेची

पूर्वापार शिफारस अशी की, पेरणीनंतर सुमारे २० व ४० दिवसांनी दोन खुरपण्या द्याव्यात आणि त्यांच्या दरम्यान कोळपणी करावी. ही शिफारस आजही योग्यच आहे. अडचण आहे ती ती वेळेवर पार पाडण्याची. जूनच्या उत्तरार्धात पेरलेल्या सोयाबीनची पहिली खुरपणी जुलैच्या मध्यास येते आणि नेमक्या त्याच सुमारास पश्चिमेकडील गावांत भाताची लावणी सुरू असते. लावणी व खुरपणी ही दोन्ही कामे प्रामुख्याने स्त्रियांच्या हातची. एकाच पंधरवड्यात दोन्हीकडे मागणी आल्यावर मजूर मिळणे कठीण होते आणि सावडीने काम उरकण्याची जुनी रीतही अपुरी पडते. त्यातच पावसाची झड लागली, तर वाफसा येत नाही. ओल्या रानात कोळपे चालत नाही आणि उपटलेले तण पुन्हा मूळ धरते. अशा रीतीने आठ-दहा दिवस वाया जातात. पिकाला दहा दिवस थांबता येते, पण तण तेवढ्या अवधीत पिकाच्या वर जाते.

या परिस्थितीत शेतकरी तणनाशकाकडे वळला, तर त्यात आश्चर्य नाही. परंतु तणनाशक म्हणजे खुरप्याऐवजी हाती घ्यावयाचे साधे अवजार नव्हे. कोणते तण, त्याचे वय किती, रसायनाचा गट कोणता, मात्रा किती आणि त्या रानात पुढे कोणते पीक येणार आहे, या पाच प्रश्नांची उत्तरे ठाऊक असल्याखेरीज ते वापरणे म्हणजे पैसा पाण्यात घालण्यासारखेच होय.

माठ : भाजी आणि तण

सोयाबीनमध्ये केना, दुधी, घोळ, टाकळा, एकदांडी, गाजरगवत, हरळी, लव्हाळा अशी अनेक तणे आढळतात. त्यांपैकी माठवर्गीय तणांचा विचार स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे. रानमाठ अथवा तांदुळजा आणि काटेमाठ ही या वर्गातील सर्वपरिचित तणे. कुंजर, कुर्डू व आघाडा ही त्यांच्याच कुळातील भावंडे. उपवासाचा राजगिरा आणि बाजारात जुडीने मिळणारा तांबडा माठ हेही याच घराण्यातले. अमेरिकेत या तणांना ‘पिगवीड’ या नावाने ओळखतात.

जी वनस्पती परसात भाजी म्हणून जपली जाते, तीच सोयाबीनमध्ये शत्रू का ठरते, याची कारणे तिच्या शरीररचनेत व जीवनक्रमात आहेत.

पहिले कारण वाढीच्या वेगाचे. ज्वारी, मका, ऊस यांच्याप्रमाणेच माठातही सूर्यप्रकाशाचा व पाण्याचा अधिक कार्यक्षम वापर करणारी अन्ननिर्मितीची यंत्रणा असते. सोयाबीनमध्ये ती नाही. त्यामुळे ऊन व उष्णता वाढली की माठ झपाट्याने उंच होतो आणि पिकावर सावली धरतो. दुसरे कारण बियांच्या संख्येचे. माठाचे बी बारीक, काळे व चकचकीत असते. चांगले वाढलेले एक झाड लाखाहून अधिक बिया देऊ शकते. तिसरे कारण उगवणीच्या पद्धतीचे. सर्व बी एकाच वेळी उगवत नाही. प्रत्येक पावसानंतर नवी लाट येते आणि उरलेले बी जमिनीत काही वर्षे जिवंत राहते. म्हणूनच एका फवारणीने अथवा एका खुरपणीने माठाचा प्रश्न कायमचा सुटत नाही.

याच जीवनक्रमात माठाचे एक मर्मस्थानही दडलेले आहे. बी बारीक असल्यामुळे त्यात साठविलेले अन्न अल्प असते आणि ते जमिनीच्या अगदी वरच्या, एक-दोन सेंटिमीटरच्या थरातूनच प्रामुख्याने उगवते. कोवळे रोप दुर्बल असते. दोन ते चार पानांच्या अवस्थेत ते सहज मरते. हेच रोप वीतभर उंचीचे झाले की त्याच रसायनाला दाद देत नाही. माठावरील नियंत्रणाचे सारे शास्त्र या एका गोष्टीभोवती फिरते.

पेरणीपूर्वीची तयारी

तणनाशकाची निवड करण्यापूर्वी काही कामे पार पाडली, तर तणाचा भार मुळातच कमी होतो. पहिल्या पावसानंतर उगवलेले तण हलक्या कुळवणीने मोडून मग पेरणी केल्यास माठाची पहिली लाट बिनखर्चात नाहीशी होते. शेणखत पूर्ण कुजलेले असावे. अर्धवट कुजलेल्या खतातून माठाचे जिवंत बी शेतात येते. बियाणे चाळून, स्वच्छ करून वापरावे. साधारणपणे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन पुरेशी ओली झाल्यावरच पेरणी करावी व दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. रोपे विरळ झाली की मोकळ्या जागेत माठ शिरतो. म्हणून बियाण्याची उगवणशक्ती आधी तपासून घेणे हाही तणनियंत्रणाचाच एक भाग आहे.

वाणाच्या निवडीलाही येथे महत्त्व आहे. पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेले ‘एमएसीएस’ मालिकेतील वाण आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्राचे ‘फुले संगम’ व ‘फुले किमया’ यांसारखे वाण पश्चिम महाराष्ट्रात परिचित आहेत. आपल्या जमिनीत जोमाने वाढून लवकर सावली धरणारा वाण निवडला, तर तणांशी होणाऱ्या स्पर्धेत पिकाची बाजू बळकट होते.

उगवणीपूर्वीची तणनाशके

तणनाशकांचे वापराच्या वेळेनुसार दोन मुख्य प्रकार पडतात. पहिला प्रकार पेरणीनंतर, परंतु पीक व तण उगवण्यापूर्वी जमिनीवर फवारावयाच्या तणनाशकांचा. यामुळे जमिनीच्या वरच्या थरात रसायनाचा एक पातळ पडदा तयार होतो आणि त्या थरातून अंकुरणारे बारीक बी तेथेच मरते. सोयाबीनचे बी त्याखाली अडीच-तीन सेंटिमीटर खोल असल्यामुळे सुरक्षित राहते. माठ वरच्या थरातून उगवत असल्याने त्याच्यावर ही पद्धत विशेष परिणामकारक ठरते.

या प्रकारात पेंडीमिथॅलीन (३० ई.सी.) हेक्टरी अडीच ते ३.३ लिटर, डायक्लोसुलम (८४ डब्ल्यू.डी.जी.) हेक्टरी २६ ग्रॅम अथवा सल्फेन्ट्राझोन (३९.६ एस.सी.) हेक्टरी पाऊण लिटर यांपैकी कोणतेही एक वापरता येते. फवारणी पेरणीनंतर लगेच, शक्यतो ४८ तासांच्या आत करावी. जमिनीत ओल असणे अत्यावश्यक आहे. कोरड्या जमिनीवर पडलेले तणनाशक कार्य करीत नाही आणि शेतकऱ्याची समजूत मात्र औषध खोटे होते अशी होते. ढेकळे मोठी असतील, तर पडदा तुटक होतो व ढेकूळ फुटले की त्यातून तण उगवते. फवारणी करताना मागे सरकत जावे, म्हणजे फवारलेल्या भागावर पाय पडून पडदा फाटत नाही.

उगवणीनंतरची तणनाशके

दुसरा प्रकार उभ्या पिकात फवारावयाच्या निवडक तणनाशकांचा. येथे सर्वाधिक चुका होतात व त्यांचे मूळ एका साध्या गोष्टीच्या अज्ञानात असते. तणे दोन वर्गांची असतात : गवतवर्गीय अरुंद पानांची आणि रुंद पानांची. माठ हे रुंद पानांचे तण आहे. क्विझालोफॉप इथाईल व प्रोपाक्विझाफॉप ही तणनाशके केवळ गवतवर्गीय तणांवर चालतात. माठावर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. उलट गवत मेल्यामुळे माठाला मोकळी जागा मिळते. म्हणून दुकानात ‘सोयाबीनचे तणनाशक’ एवढेच मागणे पुरेसे नाही. शेतात कोणते तण आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

माठासह रुंद पानांच्या तणांसाठी पुढील तणनाशकांचा विचार करता येतो :

(१) इमॅझेथापायर (१० एस.एल.) हेक्टरी १ लिटर. रुंद पानांच्या व काही गवतवर्गीय तणांवर परिणामकारक.

(२) क्लोरीम्युरॉन इथाईल (२५ डब्ल्यू.पी.) हेक्टरी ३६ ग्रॅम. मुख्यतः रुंद पानांच्या तणांवर परिणामकारक.

(३) फोमेसाफेन व फ्लुआझिफॉप यांचे तयार मिश्रण हेक्टरी १ लिटर. दोन्ही वर्गांतील तणांवर परिणामकारक.

(४) सोडियम ॲसिफ्लोरफेन व क्लोडीनाफॉप यांचे तयार मिश्रण हेक्टरी १ लिटर. दोन्ही वर्गांतील तणांवर परिणामकारक.

यांपैकी एकच निवडावे आणि पेरणीनंतर साधारणपणे १५ ते २० दिवसांनी, माठ दोन ते चार पानांवर असताना फवारावे. त्या वेळी जमिनीत ओल असावी. पाण्याच्या ताणाने मलूल झालेले तण औषध नीट शोषून घेत नाही. फवारणीनंतर निदान दोन-तीन तास पाऊस येणार नाही, अशी वेळ साधावी. पाणी स्वच्छ वापरावे. शिफारस नसताना त्यात कीटकनाशक अथवा विद्राव्य खत मिसळू नये. प्रत्येक डब्याबरोबरच्या माहितीपत्रकात दिलेली मात्रा व सूचना याच अखेरच्या समजाव्यात.

परिणाम दिसण्यास लागणारा अवधीही लक्षात ठेवावा. फोमेसाफेन व ॲसिफ्लोरफेन ही स्पर्शाने काम करणारी असल्याने माठाची पाने थोड्याच दिवसांत करपतात. सोयाबीनच्या पानांवरही काही ठिपके पडतात, परंतु नवी पाने निरोगी येतात. इमॅझेथापायर व क्लोरीम्युरॉन यांचे कार्य संथ असते. तणाची वाढ लगेच थांबते, शेंडा पिवळा पडतो, पण ते पूर्णपणे मरण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. चौथ्या दिवशी तण उभे दिसते म्हणून दुसरी फवारणी करणे हे अज्ञानाचे लक्षण होय. त्याने खर्च दुप्पट होतो आणि पिकाला इजा पोहोचते.

मात्रेचा हिशेब

तणनाशकाची मात्रा क्षेत्रावर ठरते, पाण्यावर नाही. ‘एका पंपाला एक टोपण’ हा प्रघात म्हणूनच धोक्याचा आहे. प्रत्येकाची चाल व पंपाचा दाब वेगळा असतो. यासाठी फवारणीपूर्वी पुढील सोपा प्रयोग करावा.

शेतात १० मीटर लांब व १० मीटर रुंद असा चौकोन आखावा. त्याचे क्षेत्र १०० चौरस मीटर, म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग होतो. पंपात मोजून साधे पाणी घ्यावे व नेहमीच्या चालीने तो चौकोन फवारावा. समजा ५ लिटर पाणी लागले, तर हेक्टरी ५०० लिटर व एकरी सुमारे २०० लिटर पाणी लागेल. १५ लिटरचा पंप असल्यास एकरी १३ ते १४ पंप होतात. इमॅझेथापायरची हेक्टरी १ लिटर ही मात्रा एकरी सुमारे ४०० मिलिलिटर होते. ती १३.३ पंपांत विभागली असता प्रत्येक पंपास ३० मिलिलिटर येते. चाल बदलली की हा आकडा बदलतो. म्हणून ज्या व्यक्तीने फवारावयाचे, तिच्याच चालीने मोजणी करावी. तोटी सपाट पंख्यासारखा फवारा देणारी असावी. कीटकनाशकासाठी वापरावयाची गोल फवाऱ्याची तोटी तणनाशकास योग्य नव्हे.

हा हिशेब सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यालाही करता येण्याजोगा आहे. गणिताच्या तासाला क्षेत्रफळ, गुणोत्तर व प्रमाण शिकविताना शिक्षकांनी हेच उदाहरण घेतले, तर धडा शाळेतून थेट शेतापर्यंत पोहोचेल.

एकाच औषधावर विसंबण्याचा धोका

अमेरिकेत १९९६ पासून ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणारे सोयाबीन पेरले जाऊ लागले. एकच औषध, वर्षानुवर्षे, लाखो हेक्टरांवर फवारले गेले. काम इतके सोपे झाले की इतर उपाय मागे पडले. पुढे २००५ च्या सुमारास जॉर्जिया राज्यात ग्लायफोसेटला न जुमानणारा ‘पामर’ माठ आढळून आला आणि काही वर्षांतच हा प्रश्न अनेक राज्यांत पसरला. इतर गटांतील रसायनांनाही दाद न देणारे माठ तेथे आढळले असून काही ठिकाणी पुन्हा हाताने माठ उपटण्याची वेळ आली. भारतात असे जनुकीय बदल केलेले सोयाबीन लागवडीसाठी मान्य नाही. येथील उभ्या सोयाबीनवर ग्लायफोसेट फवारल्यास तणाबरोबर पीकही मरते.

हा अनुभव दूरदेशीचा म्हणून सोडून देता येणार नाही. पंजाब-हरियाणातील गव्हात आयसोप्रोट्युरॉन या एकाच तणनाशकावर दीर्घकाळ भिस्त ठेवल्यामुळे गुल्लीदंडा हे तण १९९० च्या दशकाच्या प्रारंभी त्यास प्रतिकारक बनले व गव्हाच्या उत्पादनास मोठा फटका बसला.

हे घडते कसे? उदाहरणादाखल, एका शेतात माठाची लाखभर रोपे उगवली व त्यांतील एकच रोप निसर्गतः त्या औषधाला न मरणारे निघाले असे धरू. औषधाने बाकी सर्व मेली. उरलेल्या एका झाडाला भरपूर जागा, प्रकाश व खत मिळाले आणि त्याने लाखभर बी टाकले. पुढील वर्षी तेच औषध फवारले, तर या बियांतून येणारी बहुतांश रोपे वाचतील. औषध प्रतिकार निर्माण करीत नाही. ते फक्त प्रतिकारक रोपाची निवड करते.

यावर उपाय म्हणजे औषधाचा गट बदलणे. येथे नावावर न जाता गट पाहावा लागतो. डायक्लोसुलम, इमॅझेथापायर व क्लोरीम्युरॉन ही तिन्ही नावे वेगळी असली, तरी ती तणाच्या शरीरातील एकाच विकरावर आघात करतात. पेरणीनंतर डायक्लोसुलम व पुढे इमॅझेथापायर फवारणाऱ्यास आपण औषध बदलले असे वाटते. प्रत्यक्षात गट तोच राहतो. त्याचप्रमाणे सल्फेन्ट्राझोन, फोमेसाफेन व ॲसिफ्लोरफेन यांचा एक वेगळा गट आहे, तर पेंडीमिथॅलीनचा आणखी वेगळा. पहिल्या फवारणीस पेंडीमिथॅलीन व गरज पडल्यास दुसरीस इमॅझेथापायर किंवा फोमेसाफेनचे मिश्रण असा क्रम ठेवून, दर हंगामी त्यात पालट करणे श्रेयस्कर ठरते. आणि कोणताही क्रम ठेवला, तरी फवारणीनंतर वाचलेले माठ फुलोऱ्यापूर्वी हाताने उपटून शेताबाहेर काढावेत. ही अखेरची खुरपणी थोड्या मजुरांत होते, परंतु पुढील वर्षांचा खर्च वाचविते.

शेजारचे पीक व पुढचे पीक

जुन्नर-आंबेगाव परिसरात सोयाबीनच्या बांधाला लागून टोमॅटो, द्राक्षे, भाजीपाला असतो. २, ४-डी हे तणनाशक ऊस, मका, गहू यांत वापरले जाते. सोयाबीन, टोमॅटो व द्राक्षवेल यांना मात्र त्याचा अल्पसा अंशही अपायकारक ठरतो. वाऱ्याने उडालेले तुषार किंवा नीट न धुतलेला पंप एवढे कारणही पुरेसे होते. म्हणून तणनाशकाचा पंप शक्यतो वेगळा ठेवावा, वारा शांत असताना फवारावे व नोझल जमिनीलगत धरावे. सोयाबीनमध्ये मका, बाजरी, तूर यांचे आंतरपीक असल्यास दोन्ही पिकांस चालणारे तणनाशकच निवडावे.

काही तणनाशकांचे अंश जमिनीत रेंगाळतात. इमॅझेथापायर, क्लोरीम्युरॉन व डायक्लोसुलम यांच्या बाबतीत ही दक्षता विशेष आवश्यक आहे. क्लोरीम्युरॉनचे विघटन विम्लधर्मी काळ्या जमिनीत मंद गतीने होते. सोयाबीननंतर कांदा, बटाटा, मोहरी अथवा कोबीवर्गीय भाजीपाला घ्यावयाचा असेल, तर माहितीपत्रकावरील पुढील पिकाविषयीची सूचना खरेदीपूर्वीच वाचावी.

माणसांची व जनावरांची काळजी

माठ ही भाजी असल्यामुळे येथे एक खास धोका संभवतो. खुरपणीस आलेल्या स्त्रिया तांदुळजा, घोळ, कुर्डू खुडून घरी नेतात व उपटलेले तण जनावरांपुढे टाकले जाते. तणनाशक फवारलेल्या शेतातील भाजी खाऊ नये आणि ते तण जनावरांना घालू नये. फवारलेले तण पहिले काही दिवस हिरवेच दिसते. त्यामुळे पाहून ओळख पटत नाही. यासाठी फवारणी झाल्यावर बांधावर लाल कापडाचे निशाण लावण्याचा संकेत गावाने ठरवून घ्यावा. फवारणी न झालेल्या शेतातीलही काटेमाठ अथवा रानमाठ जनावरांना मोठ्या प्रमाणात घालणे टाळावे, कारण पावसाने ओढ दिल्यावर माठात नायट्रेट साठते व त्याने विषबाधा होऊ शकते.

फवारणी करणाऱ्याने हातमोजे, तोंडावर आवरण, पूर्ण बाह्यांचे कपडे व बूट वापरावेत. फवारताना खाणे, तंबाखू व विडी वर्ज्य करावी. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील कीटकनाशकांच्या फवारणीत विषबाधा होऊन वीसहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. ती औषधे निराळी होती, पण संरक्षणाविना फवारणीची सवय तीच. पॅराक्वाट या बिननिवडक तणनाशकावर तर उतारा उपलब्ध नाही. ते घरात, विशेषतः पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरून कदापि ठेवू नये. विषबाधेची शंका येताच रुग्णास डब्यावरील माहितीपत्रकासह त्वरित शासकीय रुग्णालयात न्यावे.

रिकामे डबे तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओतावे व डबे भोके पाडून निकामी करावेत. पंप विहिरीवर, ओढ्यात, कालव्यात वा घोड नदीत धुऊ नये. डिंभे येथील हुतात्मा बाबू गेनू सागराचे पाणी याच खोऱ्यातून खाली अनेक गावांना जाते, याचे भान प्रत्येकाने ठेवणे अगत्याचे आहे.

गावाचे काम

१९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली तणनाशकेही येतात. परवानाधारक विक्रेत्याकडूनच खरेदी करावी, पावती घ्यावी आणि डब्यावरील पिकाचे नाव, तुकडी क्रमांक व मुदतीची तारीख पाहावी. डब्यावर सोयाबीनचे नाव नसेल, तर ते औषध सोयाबीनसाठी नाही असेच समजावे.

तणाचे बी बांध ओळखत नाही. एका शेतकऱ्याने माठ काढला आणि शेजारच्या पडीक तुकड्यात, रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर तो बी धरून उभा राहिला, तर श्रम व्यर्थ जातात. मळणी यंत्रही एका गावचे बी दुसऱ्या गावी पोहोचविते. यासाठी ग्रामपंचायतींना काही गोष्टी हाती घेता येतील. फुलोऱ्यापूर्वी रस्त्याकडेचे व गावठाणातील माठ आणि गाजरगवत काढण्याची मोहीम राबवावी. गावात येणारे मळणी यंत्र झाडून घेण्याचा दंडक घालावा. खरीपपूर्व ग्रामसभेत कृषी विभागाच्या गावपातळीवरील कर्मचाऱ्यांकडून पंपाच्या मोजणीचे प्रात्यक्षिक करून घ्यावे. नारायणगाव येथील कृषी विज्ञान केंद्र या भागास जवळ असून, नवीन तणाची अथवा औषधाने न मरणाऱ्या माठाची शंका आल्यास तेथील तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो. शाळांनी तणांचा संग्रह करून अरुंद व रुंद पानांची ओळख मुलांना करून दिली, तर घरी दुकानातून येणारा डबा योग्य की अयोग्य, हे सांगणारा जाणकार घरातच तयार होईल.

तणनाशकामुळे खुरपणीचे दिवस कमी होतात, तेव्हा मजुरीवर चरितार्थ चालविणाऱ्या स्त्रियांच्या उत्पन्नाचा प्रश्नही उभा राहतो. पहिल्या लाटेसाठी तणनाशक, मध्ये कोळपणी व अखेरीस निवडक खुरपणी, अशी सांगड घातल्यास लावणीच्या गर्दीत शेतकऱ्याची अडचण दूर होते, गर्दी ओसरल्यावर मजुरांना काम मिळते आणि औषधावरील भारही कमी राहतो. तणनाशक, कोळपे आणि खुरपे ही एकमेकांना पूरक साधने आहेत. त्यांतील प्रत्येकाचा वापर योग्य वेळी केला, तर सोयाबीनच्या रानातील माठ आटोक्यात राहील आणि आज परिणामकारक असलेली औषधे पुढील पिढीच्याही उपयोगी पडतील.